२४ व्होल्टच्या बॅटरीवर ४ किलोवॅटचं रडार : ही पॉवर मोजतात तरी कशी?

खाडीकाठचा | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, विषय तांत्रिक आहे, पण त्यामागे पैशांचा प्रश्न आहे, म्हणून नीट वाचा.

मी नेरूळला राहतो. माझ्या मावसभावाची करंजाला मासेमारीची बोट आहे. तिच्यावर ४ किलोवॅटचं रडार आहे, पांढऱ्या डब्यातलं, २४ इंची. १ जून ते ३१ जुलै बंदी होती, तेव्हा बोट वर घेऊन शाकारली होती. इंजिनाचं काम, जाळी, रंगरंगोटी सगळं झालं. ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीला गेले तर रडार आंधळं झाल्यासारखं. नांगरून पडलेली मोठी जहाजं आधी १० मैलांवर ठसठशीत दिसायची, ती आता ६ मैलांवर आल्यावर दिसतात.

एक मेकॅनिक येऊन गेला. त्याने मेनूत जाऊन तास बघितले (५,८०० च्या आसपास) आणि सांगितलं, "मॅग्नेट्रॉन संपला, पॉवर पडलीय." (मॅग्नेट्रॉन म्हणजे रडारच्या लाटा तयार करणारी नळी.) नवा टाकायचा खर्च पाच आकडी. मी विचारलं, पॉवर मोजली का? तर म्हणे, "साहेब, ती मोजायची नसते, अनुभवाने कळते."

आता माझा मूळ गोंधळ. बोटीवर २४ व्होल्टची बॅटरी आहे. ४००० भागिले २४ म्हणजे जवळजवळ १६७ अँपिअर! आणि रडारच्या लाइनवरचा फ्यूज आहे १० अँपिअरचा. मग हे ४ किलोवॅट येतात कुठून? की नुसतंच डब्यावर छापतात?

---

टपरीवरचा | सोमवार, रात्री १०:५८

म्युझिक सिस्टीमवर "५००० वॅट" लिहिलेलं असतं तसंच असणार. कटिंग घेऊन बसलोय, येऊ द्या.

---

प्रयोगवही | सोमवार, रात्री ११:२५

नाही हो, ही फसवणूक नाही. आकडा खरा आहे, पण तो कोणत्या क्षणाचा आहे हे डब्यावर लिहीत नाहीत.

रडार सतत ओरडत नाही. एक हाक मारतं आणि मग बराच वेळ कान लावून बसतं. ही हाक किती लांब? दूरच्या पल्ल्यावर साधारण ०.८ मायक्रोसेकंद, आणि अशा हाका सेकंदाला ६०० च्या आसपास. गुणाकार करून बघा: ०.८ × ६०० = ४८० मायक्रोसेकंद. म्हणजे एका सेकंदात रडार अर्धा मिलिसेकंदसुद्धा बोलत नाही. बाकी सगळा वेळ गप्प. या प्रमाणाला ड्यूटी सायकल म्हणतात, इथे ते ०.०००४८.

बोलतं तेव्हा ४ किलोवॅटने बोलतं, ही पीक पॉवर. सगळ्या सेकंदावर पसरली की ४००० × ०.०००४८ = १.९२ वॅट, ही सरासरी. तुमच्या बॅटरीला ही सरासरी पुरवायची असते, वर मॅग्नेट्रॉनचं हीटर, अँटेना फिरवणारी मोटर आणि स्क्रीन. मधल्या शांततेत मॉड्युलेटर ऊर्जा साठवतो आणि मायक्रोसेकंदात एकदम ओततो. माझा पगारही महिनाभर साठतो आणि १ तारखेला दुपारी पाच मिनिटांत उडतो. त्या पाच मिनिटांत माझा खर्चाचा वेग बघाल तर मी ऐरोलीतली सगळ्यात श्रीमंत बाई वाटेन.

आणि टपरीवाले, तुमच्यासाठी: ९० मिलिलिटर कटिंगने ही सगळीच्या सगळी १.९२ वॅट शोषली असं धरा, तरी तो चहा १ अंशाने तापायला सव्वातीन मिनिटं लागतील. घरच्या मायक्रोवेव्हमध्येही मॅग्नेट्रॉनच असतो, पण तो सतत ७००-८०० वॅट देतो.

---

टपरीवरचा | सोमवार, रात्री ११:३१

म्हणजे रडारवर चहा नाही. नोंद घेतली.

---

ईटीओ_सुट्टीवर | मंगळवार, सकाळी ७:१०

खारघरला घरी आहे, जहाजावर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर आहे, म्हणून राहवलं नाही.

प्रयोगवही ताईंचा हिशोब बरोबर. मोठ्या जहाजांवर एक्स-बँडचं (९ गिगाहर्ट्झच्या आसपासचं) रडार बहुतेक २५ किलोवॅटचं, एस-बँडचं (३ गिगाहर्ट्झच्या आसपासचं) ३० च्या घरातलं. २५ किलोवॅटवाल्याची लांब पल्स १.२ मायक्रोसेकंद आणि सेकंदाला ६०० धरली तर सरासरी येते १८ वॅट. घरातल्या दोन एलईडी बल्बांएवढी.

आता मेकॅनिकच्या निदानाबद्दल. पॉवर पडली म्हणून पल्ला १० वरून ६ वर आला, हे मला पटत नाही. लाट जाताना पसरते आणि परतताना पुन्हा पसरते, त्यामुळे पल्ला पॉवरच्या चौथ्या मुळाने बदलतो. पॉवर निम्मी झाली तरी पल्ला जातो फक्त १६ टक्के. दुप्पट पल्ला हवा तर १६ पट पॉवर. (पाण्यालगतच्या बुटक्या लक्ष्यांना तर समुद्रावरून परावर्तित झालेली लाट येऊन छेद देते, तिथे हे गणित आणखी कडक होतं.)

उलटं करून बघा. १० चे ६ म्हणजे ०.६ चा चौथा घात, ०.१३. नुसत्या पॉवरमुळे हे घडायचं तर मॅग्नेट्रॉन ४ किलोवॅटच्या जागी ५०० वॅटच देत असला पाहिजे. इतका खचलेला मॅग्नेट्रॉन सहसा असा मुकाट चालत नाही. पल्सा चुकवतो, करंट हलतो, फ्रिक्वेन्सी सरकते, ट्यूनिंग बसत नाही.

क्षितिज मात्र तपासा. मैलात अंतर = २.२ × (अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ + लक्ष्याच्या उंचीचं वर्गमूळ), उंची मीटरमध्ये. तुमचा डबा ५ मीटरवर असेल आणि समोर २ मीटरची होडी असेल तर ८ मैलांच्या पुढे ती दिसणारच नाही, २५ किलोवॅट लावा नाहीतर २५० लावा. पण नांगरलेली मोठी जहाजं उंच असतात, तेव्हा तुमच्या बाबतीत क्षितिज आड येत नाही.

---

खाडीकाठचा | मंगळवार, सकाळी ९:०५

डबा साधारण ५ मीटरवरच आहे. गेल्या मोसमापासून त्याची जागा हलवलेली नाही. मेनूत मॅग्नेट्रॉन करंट आहे, भावाने बघितला, आकडा मॅन्युअलमधल्या पट्ट्यात बसतो.

मग करंट ठीक म्हणजे पॉवर ठीक, असं धरायचं का?

---

कोपरीचे_काका | मंगळवार, दुपारी १:४०

असं धरायचं नाही. करंट ठीक म्हणजे मॅग्नेट्रॉन खातोय ठीक. बाहेर काय टाकतोय ते वेगळं मोजावं लागतं.

माझी बत्तीस वर्षं याच कामात गेली, आता ठाण्याला घरी बसून नातवाची खेळणी दुरुस्त करतो. पॉवर "मोजायची नसते" हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. सांगतो कशी मोजायची, सावकाश वाचा.

४ किलोवॅट थेट मीटरमध्ये घालता येत नाही, मीटरचं डोकं जळून जाईल. आमच्या थर्मिस्टरवाल्या डोक्याची झेप १० मिलिवॅटपर्यंत. म्हणून वेव्हगाइडच्या, म्हणजे लाट वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीच्या, वाटेत डायरेक्शनल कपलर घालायचा. तो पुढे जाणाऱ्या पॉवरचा ठरावीक छोटा हिस्सा बाजूला काढून देतो. ४० डीबीचा कपलर म्हणजे दहा हजारावा हिस्सा. बाकीची पॉवर डमी लोडमध्ये जिरवायची, हवेत सोडायची नाही.

थर्मिस्टर म्हणजे काय, तर उष्णतेने रोध बदलणारा मणी. त्याला पल्स-बिल्स कळत नाही, त्याला फक्त ऊब कळते. म्हणून तो सरासरी दाखवतो. मीटरवर समजा ०.१९ मिलिवॅट आले तर गुणिले दहा हजार, म्हणजे १.९ वॅट सरासरी. पीक काढायला तिला ड्यूटी सायकलने भागायचं.

आणि गोची इथेच आहे. पुष्कळ जण मॅन्युअलमधली ०.८ आणि ६०० उचलून भागतात. तसं करू नये. पल्स ऑसिलोस्कोपवर बघून मोजायची. क्रिस्टल डिटेक्टर लावला की पल्सचा आकार दिसतो. तो काही चौकोनी विटेसारखा नसतो, चढ असतो, माथ्यावर थरथर असते, शेपूट असतं. मग लांबी कुठून कुठपर्यंत? अर्ध्या पॉवरच्या बिंदूंमधली. डिटेक्टर कमी पातळीवर चालत असेल तर त्याचा व्होल्टेज पॉवरच्या प्रमाणात असतो, म्हणून स्क्रीनवरची अर्धी उंची हीच अर्धी पॉवर. पण जास्त सिग्नल देऊन ठेवलात तर तो व्होल्टेजच्या प्रमाणात बोलायला लागतो, आणि मग अर्धी उंची म्हणजे पाव पॉवर. लांबी जास्त मोजली जाते, आणि तेवढी पीक पॉवर कमी निघते. एका पोराने असंच करून चांगला मॅग्नेट्रॉन मोडीत काढला होता. डिटेक्टरच्या आधी १० डीबीचा अटेन्युएटर लावून पुन्हा मोजायला लावलं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

कपलरवर "४०" कोरलेलं असतं, तेही ढोबळ. आपल्या रडारच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे ९४१० मेगाहर्ट्झच्या आसपास, तो ३९.५ आहे की ४०.५ हे त्याच्या कॅलिब्रेशनच्या कागदावर बघायचं. अर्ध्या डीबीची चूक म्हणजे १२ टक्के पॉवर इकडची तिकडे. त्यामुळे कोणी "३.८७ किलोवॅट भरली" असं दशांशासकट सांगितलं तर हसून सोडून द्या.

मोजायला लांब पल्स घ्यावी. आखूड पल्समध्ये चढउतारच इतका असतो की लांबी नक्की किती यावरच भांडण होतं.

घरी कोणीही उघडून बघू नका. आत काही हजार व्होल्ट असतात, बंद केल्यावरही कपॅसिटर धरून ठेवतो. आणि मॅग्नेट्रॉनच्या चुंबकाजवळ लोखंडी पाना न्यायचा नाही. पाना चिकटतो आणि चुंबक कमजोर होतो.

---

प्रयोगवही | मंगळवार, दुपारी ४:१५

काका, सुंदर! अर्ध्या उंचीचा मुद्दा मी पोरांना शिकवणार आहे.

अवांतर: पोकळीवाला मॅग्नेट्रॉन पहिल्यांदा चालला तो बर्मिंगहॅम विद्यापीठात, रँडल आणि बूट या दोघांच्या टेबलावर, फेब्रुवारी १९४० मध्ये. त्यांनी पॉवर बघितली ती दिवे लावून! मोटारीच्या हेडलाइटचे बल्ब लावले, ते जळाले. मग आणखी मोठे दिवे. त्यावरून अंदाज आला सुमारे ४०० वॅटचा, तरंगलांबी १० सेंटिमीटरच्या आतली. म्हणजे "ऊब किती झाली ते बघा" ही तुमच्या थर्मिस्टरची पद्धत जन्मापासूनचीच.

---

ईटीओ_सुट्टीवर | मंगळवार, रात्री ९:३०

काकांना दंडवत. आम्ही जहाजावर हे सगळं करत नाही, खरं सांगतो. आमच्याकडे परफॉर्मन्स मॉनिटर असतो. रडार बसवताना एकदा त्याचं माप नोंदवून ठेवतात आणि पुढे त्याच्याशी ताडून बघतात. पाठवणं आणि ऐकणं दोन्हींची मिळून तब्येत कळते. भर समुद्रात आजूबाजूला एकही लक्ष्य नसलं तरी आपलं रडार आंधळं झालंय का ते समजावं, हा त्याचा उपयोग. ३०० टनांवरच्या जहाजाला ९ गिगाहर्ट्झचं रडार सक्तीचं असतं, त्यामुळे मॉनिटरही आलाच. मासेमारी बोटीवरच्या छोट्या रडारला तो नसतो, म्हणून तुमचा मेकॅनिक तास बघून भविष्य सांगतो.

माझा संशय रिसीव्हरवर. परतलेला सिग्नल आधी ज्याच्याकडे येतो तो मिक्सर डायोड अर्धवट मेला की अगदी हीच लक्षणं.

---

खाडीकाठचा | शनिवार, संध्याकाळी ६:२०

अपडेट. कोपरीच्या काकांनी व्यक्तिगत निरोपातून एका ओळखीच्या वर्कशॉपचा पत्ता दिला होता, टीटीसी एमआयडीसीत. काल भाऊ डब्याचं झाकण काढून आतलं युनिट टेम्पोत घालून घेऊन आला. काका स्वतः कोपरीहून आले. (काका, तुमचा मूग डाळीचा डबा वर्कशॉपमध्येच राहिलाय.)

आकडे देतो. मीटरवर ०.१७ मिलिवॅट, म्हणजे १.७ वॅट सरासरी. पल्स ऑसिलोस्कोपवर ०.८ भरली, हाका सेकंदाला ६००. ड्यूटी ०.०००४८. भागाकार: ३५४० वॅट. काका म्हणाले "साडेतीन लिही, पुढचं सगळं कपलरच्या मर्जीवर." पाच हजार आठशे तासांनंतर साडेतीन! ईटीओ साहेबांच्या चौथ्या मुळाने बघितलं तर पल्ल्यात फरक फक्त ३ टक्क्यांचा.

रिसीव्हरही तपासला. सिग्नल जनरेटरने क्षीण सिग्नल दिला, तोही ऐकू येतो. मिक्सर ठणठणीत.

म्हणजे पाठवतं बरोबर, ऐकतं बरोबर. युनिट परत नेऊन बसवलं, आज सकाळी भाऊ बाहेर जाऊन आला. तरी ६ मैलच. आता माझीच पॉवर पडलीय.

---

टपरीवरचा | शनिवार, संध्याकाळी ६:४५

दृष्ट काढा.

---

दिवाळ्याचा_नाखवा | शनिवार, रात्री ८:१०

चार दिवस वाचतोय, मधे बोललो नाय कारण एवढं गणित आमच्या डोक्याच्या वर. मी दिवाळे गावचा, बेलापूरच्या. आमची बोट पण मोठ्या दर्यात जाते.

एकच विचारतो. पहिल्या पोस्टीत दादा लिवलाव "रंगरंगोटी झाली". डब्याला पण रंग मारलाय का? कुठला? फोटो टाका.

---

खाडीकाठचा | शनिवार, रात्री ८:५५

भावाला फोन केला. तो आधी म्हणाला "डब्याचा काय संबंध". मग म्हणाला, हो, केबिनला चंदेरी मारला तेव्हा उरलेला रंग पोराने डब्यालाही मारला. दोन हात. नारळी पौर्णिमेला बोट चकचकीत दिसायला हवी म्हणून.

---

कोपरीचे_काका | शनिवार, रात्री ९:०२

अरे देवा.

चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियमची भुकटी तेलात. रडारच्या डोळ्यावर पत्र्याचा पडदा लावलात तुम्ही. आणि मी बत्तीस वर्षांचा शहाणा, झाकण बोटीवर ठेवून युनिट आणा म्हणालो. वर्कशॉपमध्ये पडदा आलाच नाही, मग मीटरला तो दिसणार कसा!

---

ईटीओ_सुट्टीवर | शनिवार, रात्री ९:४०

नाखवा, सलाम! आम्ही सगळे मॅग्नेट्रॉनपासून सुरू करून आतल्या बाजूला धावलो, बाहेर कोणी बघितलंच नाही.

हिशोबही बसतो. १० चे ६ म्हणजे एकूण ९ डीबीच्या आसपास तोटा, म्हणजे ताकद आठव्या हिश्शावर. लाट झाकणातून दोनदा जाते, जाताना एकदा, येताना एकदा. म्हणजे प्रत्येक वेळी साधारण साडेचार डीबी. जाताना जेमतेम एक तृतीयांश सोडून बाकीची पॉवर रंगातच अडली, आणि प्रतिध्वनी परत येताना त्याचीही तीच गत. मॅग्नेट्रॉनच्या तोंडाशी साडेतीन किलोवॅट, झाकणाबाहेर सव्वा किलोवॅट.

हे तपासायला मीटर नको. बोट धक्क्याला असताना झाकण काढा, गेन हाताने एका जागी ठेवा, छतावर आणि डब्याच्या पातळीला कोणी उभं राहू नका, आणि तेच नांगरलेलं जहाज झाकणासह आणि झाकणाविना बघा.

---

प्रयोगवही | रविवार, सकाळी ८:३०

म्हणजे "ट्रान्समीटरची पॉवर" आणि "बोटीबाहेर पडलेली पॉवर" हे दोन वेगळे प्रश्न होते आणि आपण चार दिवस पहिल्याचंच उत्तर काढत होतो. छान फजिती.

---

गलबत_७२ | रविवार, सकाळी ११:१५

थोडं अवांतर, पण इथेच विचारतो. नवी सॉलिड-स्टेट रडारं येतात, त्यांच्यावर चक्क "२५ वॅट" लिहिलंय. दुकानदार म्हणतो ४ किलोवॅटच्या तोडीचं आहे. गंडवतोय का?

---

ईटीओ_सुट्टीवर | रविवार, दुपारी १२:०५

जवळच्या पल्ल्यापुरतं तरी नाही. वॅट बघू नका, एका हाकेतली ऊर्जा बघा. ४००० वॅट × ०.०८ मायक्रोसेकंदाची आखूड पल्स = ३२० मायक्रोज्यूल (दूरच्या पल्ल्याची ०.८ ची पल्स धरली तर ३२००). २५ वॅट × १८ मायक्रोसेकंद = ४५० मायक्रोज्यूल. तो हळू बोलतो, पण लांबलचक बोलतो. बोलताना फ्रिक्वेन्सी सरकवत नेतो आणि परतीचा आवाज गणिताने दाबून आखूड करतो, म्हणून दोन जवळची लक्ष्यं वेगळी दिसतात.

अडचण एकच. १८ मायक्रोसेकंद बोलत असताना त्याला ऐकू येत नाही, आणि प्रत्येक मायक्रोसेकंदाला १५० मीटर, म्हणजे जवळचे २७०० मीटर आंधळे. त्यासाठी मध्ये मध्ये छोट्या साध्या पल्सा सोडतात. वाशीच्या पुलाखालून जाताना त्याच कामाला येतात.

याची पॉवर मोजताना काकांची पद्धत तीच, फक्त ड्यूटी सायकल काढताना लांब आणि आखूड दोन्ही पल्सा धराव्या लागतात. एकाच पल्सची लांबी घेऊन भागाकार केलात तर भलताच आकडा येईल.

---

खाडीकाठचा | मंगळवार, रात्री १०:१५

झालं. झाकणाविना तेच जहाज साडेनऊ मैलांवर उमटलं. भाऊ केबिनमधून नुसता ओरडला, मला फोनवरून ऐकू आलं.

आता रंग काढायचा कसा? भाऊ थिनर घेऊन बसलाय.

---

कोपरीचे_काका | मंगळवार, रात्री १०:१९

थिनर खाली ठेवायला सांगा आत्ताच्या आत्ता! थिनर, ॲसिटोन काही लावायचं नाही, झाकणाचं प्लास्टिक तडकतं, मग आत पाणी जाईल आणि तेव्हा खरोखरच मॅग्नेट्रॉन जाईल. नवं झाकण मागवा. मॅग्नेट्रॉनपेक्षा स्वस्त पडेल. आणि ते आलं की त्याच्यावर मार्करने लिहून ठेवा, रंगवू नये.

---

दिवाळ्याचा_नाखवा | मंगळवार, रात्री १०:४०

आमच्या बापाने पण हेच केलेलं, म्हणून विचारलं. तेव्हा आमचा आख्खा मोसम गेला होता.

---

खाडीकाठचा | शुक्रवार, संध्याकाळी ७:००

नवं झाकण बसलं. जुनं चंदेरी झाकण मावशीच्या अंगणात उलटं ठेवलंय. त्यात पावसाचं पाणी साठतं आणि कोंबड्या पितात. पोराला अजून वाटतं की रंग छान जमला होता.

काका, मूग डाळीचा डबा रविवारी कोपरीला आणून देतो. सोबत करंजाची कोलंबी.

---

टपरीवरचा | शुक्रवार, संध्याकाळी ७:०४

कोलंबी कशी मोजणार, पीक की सरासरी?